उरी गेला आणि पिक्चरही गेला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात 'चेर्नोबिल डायरीज'वर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते, तेही जाता जाता, की पिक्चर अर्धा भारी आहे आणि अर्धा टाकाऊ. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं बुवा. निम्म्या लोकांचं म्हणणं मला हॉररमधलं काही कळत नाही आणि उरलेले विचारतायत की अर्धा तरी भारी कुठून दिसला, म्हणजे दोन्हीकडून मार मलाच.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिक्चर २०१२ चा, दिग्दर्शक ब्रॅडली पार्कर, त्याचा हा पहिलाच, आणि निर्माता ओरेन पेली, म्हणजे 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'वाला. युरोप फिरायला निघालेली तीन अमेरिकन पोरं युक्रेनमध्ये कीव्हला एकाच्या भावाकडे येऊन थांबतात, तो भाऊ म्हणतो चला काहीतरी हटके बघू, मग उरी नावाचा एक दणकट गाईड, आणखी एक जोडपं, एक जुनाट व्हॅन आणि चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या शेजारचं, तिथल्या अपघातानंतर ओसाड पडलेलं प्रिप्यात शहर. चेकपोस्टवरचे सैनिक आज आत जायचं नाही म्हणून परत पाठवतात आणि उरी दुसऱ्याच वाटेने गाडी आत घुसवतो. दिवसभर फिरून झाल्यावर गाडी काही चालू होत नाही. इथून पुढे सगळं फोडून सांगणार आहे, ज्यांना अजून बघायचाय त्यांनी पान उलटा.

ताई, पहिला अर्धा भाग मी पांघरूण घेऊन बघितला आणि नंतर नंतर चक्क मोबाईल बघत बसलो. नेमकं कुठे बिनसलं तेच कळत नाहीये. मी एकटाच असा आहे का?
— पांघरूणवाला

एकटे नाही हो, तुमच्यासारखी बरीच पत्रं आलीत आणि मजा म्हणजे बहुतेकांनी जागा पण तीच सांगितलीय, उरी गाडीतून उतरतो तिथली.

आठवा तो सीन. रात्र झालीय, व्हॅनच्या तारा कोणीतरी कुरतडल्यासारख्या तुटल्यात, सगळे आत कोंडून बसलेत आणि बाहेरून कसलातरी आवाज येतो. आपल्याला बाहेरचं काहीच दिसत नाही, काचेवर फक्त आतल्या लोकांचे चेहरे. उरी पिस्तूल घेऊन उतरतो, त्या पोरांपैकी क्रिस त्याच्या मागे जातो, मग अंधारात गोळ्यांचे आवाज, आणि थोड्या वेळाने क्रिसला जखमी पायाने ओढत आत आणतात. उरी येत नाही. माझ्या मते या पिक्चरमधला हा सगळ्यात चांगला तुकडा आहे आणि त्यात दाखवलंय काय तर काहीच नाही.

आता माझं म्हणणं असं की पिक्चर बिनसला तो शेवटी निघणारे राक्षस वाईट होते म्हणून नाही, उरी गेला म्हणून बिनसला. परक्या देशात फिरायला गेलेल्या माणसाला स्वतःला काहीच माहीत नसतं, कुठला आवाज नेहमीचा, कुठला वेगळा, कुठली शांतता चांगली आणि कुठली वाईट. ते गाईडला माहीत असतं. त्यामुळे आपण बघणारे पण सारखे गाईडच्या तोंडाकडे बघत असतो, विमान हललं की आपण हवाई सुंदरीच्या चेहऱ्याकडे बघतो ना, अगदी तसं. ती निवांत असेल तर ठीक, ती खुर्चीत जाऊन पट्टा लावून बसली की आपल्या पोटात गोळा. उरी आहे तोवर पिक्चरकडे तो चेहरा आहे. तो गेल्यावर उरली ती सहा मुलं, सगळी सारखीच घाबरलेली, सगळी सारखीच अडाणी, आणि कोणाच्याच चेहऱ्यावरून आपल्याला नवीन काही कळत नाही. मग दिग्दर्शकाकडे उरतं काय, पळा. बोगद्यातून पळा, जिन्यावरून पळा, टॉर्च हलवा, किंचाळा. पन्नास मिनिटं माणूस पळतानाच बघायचा तर मोबाईल हातात येणारच.

पोस्टर बघून भुताचा पिक्चर म्हणून लावला आणि यात भूतच नाही! ही फसवणूक नाही का?
— एक चिडलेली वाचक

भूत नाही हे खरं. शेवटी जे कळतं (आणि तेही धड कळत नाही) ते असं की आत किरणोत्सर्गाने बिघडलेली माणसं आहेत, त्यांना लपवून ठेवलं होतं आणि ती निसटलीत. म्हणजे कागदोपत्री हा राक्षसपट. पण मी तरी तुम्हाला पूर्ण नाही म्हणणार नाही, कारण पिक्चर बोलतो ती भाषा सगळी भुताचीच आहे. रिकामी शाळा, रिकामी घरं, माणसं उठून गेल्यावर जिथल्या तिथे राहिलेल्या वस्तू, आणि ती मुलगी. टॉर्चच्या उजेडात पाठमोरी उभी असलेली लहान मुलगी, हलत नाही, बोलत नाही, आणि आपण मनात म्हणत असतो वळू नको वळू नको. राक्षस असा उभा राहतो का कधी? भूतच उभं राहतं असं. पेलीला ते पक्कं माहीत असणार, त्याच्या आधीच्या पिक्चरमध्ये बेडरूमचं दार चार बोटं हलतं आणि थिएटर गप्प होतं.

तेव्हा फसवणूक म्हणायची तर ती पोस्टरची नाही, शेवटाची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, यांनी मूठ उघडली आणि आत मेकअप केलेली माणसं निघाली.

एक साधा प्रश्न. कॅमेरा नक्की कोणाच्या हातात आहे? सगळे तर पळतायत.
— नुसता कुतूहल म्हणून

कोणाच्याच नाही! हा घोटाळा खूप जणांचा झालाय. पिक्चर सापडलेल्या फूटेजचा, म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं आणि नंतर कुणाला तरी सापडलेलं असं दाखवणारा, नाहीच मुळी, तसं कुठे म्हटलेलं पण नाही. फक्त कॅमेरा हातात धरून, हलवत शूट केलाय, नावात 'डायरीज' आहे, वर पेलीचं नाव, त्यामुळे आपण आपोआप समजतो की कुणीतरी पोरगा शूट करतोय. मी पण पहिल्यांदा बघताना मधेच मोजायला लागले होते की हा सातवा कोण. दिग्दर्शकाला हे कळायला हवं होतं असं मला वाटतं, हलता कॅमेरा घेतलात तर तो कोणाचा ते तरी सांगा, नाहीतर गप स्टँडवर ठेवा.

या पिक्चरमधले टूरिस्ट एवढे मठ्ठ का असतात? सैनिक नको म्हणतायत, आत जायचंच कशाला?
— मी असतो तर गेलो नसतो

गेला असता. सगळेच जातात, लांबून आलोय आता मागे काय फिरायचं, एवढंच कारण पुरतं. हात दाखवून अवलक्षण ही तर या प्रकारच्या पिक्चरची पहिली पायरी आहे, ती नसेल तर दहाव्या मिनिटाला सगळे हॉटेलवर परत आणि श्रेयनामावली सुरू.

पण मठ्ठपणा मठ्ठपणात फरक असतो. 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन' बघा, १९८१ चा, जॉन लँडिसचा. दोन अमेरिकन पोरं पाठीवर सॅक टाकून यॉर्कशायरच्या माळरानावर फिरतायत, थंडीने काकडून एका खेड्यातल्या पबमध्ये शिरतात. आत गावकरी हसतखिदळत बसलेत, एकजण भिंतीवरच्या बोर्डावर बाण मारतोय. यातला एक पोरगा भिंतीवरच्या ताऱ्याच्या खुणेकडे बोट दाखवून सहज विचारतो, हे कशासाठी? आणि पब एकदम चिडीचूप. बाणवाल्याचा नेम चुकतो, बाण बोर्डाच्या बाहेर, आणि तो वळून त्या पोराकडे असा बघतो की बस. तोपर्यंत पिक्चरमध्ये कुठेही लांडगा नाही, रक्त नाही, काही नाही. मग जाताना सांगतात रस्ता सोडू नका, माळावर जाऊ नका. आणि ही दोघं गप्पांच्या नादात रस्ता सोडतात. मठ्ठपणा तोच, पण आपल्याला राग येत नाही कारण आपण पण गप्पांच्या नादात रस्ता सोडला असता. आणि परत तेच बघा, ज्याला माहीत आहे त्याचा चेहरा. गावकऱ्यांना सगळं माहीत आहे, ते सांगत नाहीयेत, एवढ्यावर सीन उभा आहे.

(याच पिक्चरच्या रूपांतराच्या सीनसाठी रिक बेकरला मेकअपचं ऑस्कर मिळालं, तो पुरस्कारच त्या वर्षी नियमितपणे सुरू झाला. भरपूर उजेडात, समोरासमोर माणसाचा लांडगा होताना दाखवलाय. म्हणजे दाखवूच नये असा काही नियम नाही, दाखवायचं तर असं दाखवावं.)

पिक्चर खरंच चेर्नोबिलला शूट केलाय का? आणि ते मासे, आंधळं होणं वगैरे खरं असतं का?
— विज्ञानाचा विद्यार्थी

शूटिंग हंगेरी आणि सर्बियात झालंय. जाणकार लोक इमारती बघून ओळखतात, मला बापडीला काही कळलं नव्हतं, त्यामुळे कमी पैशात केलेलं ते काम चांगलंच म्हणायचं.

बाकीचं एकेक सांगते. अपघात झाला २६ एप्रिल १९८६ ला पहाटे, चौथ्या नंबरच्या अणुभट्टीत. प्रिप्यातमध्ये तेव्हा जवळपास ४९,००० माणसं होती आणि त्यांना हलवलं दुसऱ्या दिवशी दुपारी, हजारावर बस आणून, आणि सांगितलं काय तर तीन दिवसांसाठी जायचंय, फार सामान घेऊ नका. ती तीन दिवसांची गोष्ट माहीत असली ना की पिक्चरमधली उघडी कपाटं वेगळीच दिसतात. तो प्रसिद्ध आकाशपाळणा १ मे ला रीतसर सुरू व्हायचा होता.

मासे. पिक्चरमध्ये पाण्यात एक राक्षसी मासा दाखवलाय. खऱ्या चेर्नोबिलमध्ये भट्टी थंड ठेवायच्या पाण्याचा तलाव आहे, त्यात कॅटफिश खरोखरच अवाढव्य होते, टूरिस्ट त्यांचे फोटो काढायचे, पण त्याचं कारण किरणोत्सर्ग नाही, मुळात ती जातच मोठी होते आणि तिथे पकडणारं कोणी नाही म्हणून ते वाढत राहिले. अस्वल पण खोटं नाही, माणूस गेल्यावर त्या भागात लांडगे, अस्वलं, जंगली घोडे सगळे मजेत फिरायला लागलेत. म्हणजे बघा, इमारतीच्या पॅसेजमधून एकदम अस्वल धावत येतं त्या सीनला मी टुणकन उडाले होते आणि नेमका तोच सीन त्यातल्या त्यात शक्य कोटीतला.

भट्टीजवळ गेल्यावर काही मिनिटांत डोळे जाणं आणि कातडी सोलवटणं मात्र पिक्चरने आपल्या सोयीने लावलंय. युक्रेनने २०११ मध्ये हा भाग टूरिस्टांसाठी अधिकृतपणे उघडला, ठरलेल्या वाटेने एका दिवसाच्या फेरीत मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस लांबच्या विमानप्रवासाएवढा असतो असं सांगितलं जायचं, आणि २०१९ मध्ये तर लाखाहून जास्त लोक तिथे जाऊन आले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन सैन्य त्याच भागातून आत आलं आणि टूर बंद पडल्या.

मला या पिक्चरचा राग आला. जिथे खरी माणसं मेली, घरं सुटली, तिथल्या लोकांनाच राक्षस करून दाखवायचं? तुम्ही मागच्या वेळी यावर एक शब्द नाही लिहिलात.
— एक वाचक

नाही लिहिला, आणि ते चुकलंच माझं.

तुमच्यासारखाच राग तेव्हाही आला होता लोकांना, चेर्नोबिलच्या पीडितांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेने पिक्चरवर आक्षेप घेतला होता. मला स्वतःला जास्त टोचतं ते दुसरंच. त्या बंदी असलेल्या भागात माणसं खरंच राहतात. हलवल्यानंतर काही महिन्यांत, काही वर्षांत शेकडो लोक गुपचूप आपापल्या खेड्यात परत गेले, पोलिसांनी हाकललं तरी परत आले, आणि आता त्यात उरल्यात त्या बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या बायका. बटाटे लावतात, कोंबड्या पाळतात, आम्ही इथेच मरणार म्हणतात. त्यांच्यासाठी तिकडे वेगळा शब्दच आहे, समोसेली, म्हणजे आपले आपण येऊन राहिलेले. आता विचार करा, त्या अंधारात, त्या घरात, टूरिस्टांना अशी एक म्हातारी भेटली असती तर? दार उघडून नुसती बघत उभी राहिली असती तर? ती पुढे काय करेल ते आपल्याला कळलं नसतं, ती चांगली की वाईट ते कळलं नसतं, आणि तिला सगळं माहीत आहे एवढं मात्र कळलं असतं. भीती पण वाढली असती आणि कोणाचा अपमान पण झाला नसता. यांनी खरी माणसं काढून टाकली आणि त्यांच्या जागी चावणारी आणून बसवली.

हा रोग एकट्या याच पिक्चरला नाही. २०१६ चा 'द फॉरेस्ट' जपानमधल्या आओकिगाहारा जंगलावर आहे, जिथे खरोखर लोक जीव द्यायला जातात, आणि त्याचं शूटिंगही सर्बियातल्या जंगलात. तिथलं दुःख घेतलं भाड्याने, हिरोईन अमेरिकन, आणि जपानी माणसं कशाला तर अधूनमधून दचकवायला. परदेश हेच भूत असं एकदा ठरवलं की लिहिणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

समीक्षकांनी झोडपला, बघणारे शिव्या घालतात, तरी पैसे कसे कमावतात हे लोक? आणि आमच्या घरात यावरून भांडण झालंय की रेटिंग बघून हॉरर निवडावा की नाही.
— नवरा एकीकडे, मी एकीकडे

हिशोब सोपा आहे. हा पिक्चर बनला साधारण १० लाख डॉलरमध्ये आणि जगभरात मिळाले पावणेचार कोटींच्या आसपास. पेलीचा आधीचा तर त्याने स्वतःच्याच घरात आठवड्याभरात शूट केलेला, खर्च १५,००० डॉलर सांगतात आणि कमाई १९ कोटींच्या वर. एवढ्या कमी पैशात बनल्यावर पहिल्या शनिवार-रविवारी कॉलेजची पोरं आली तरी खर्च निघतो, सोमवारी कोणी शिव्या घातल्या तर घालू देत.

रेटिंगबाबत मी तुमच्या बाजूने का नवऱ्याच्या ते माहीत नाही, पण हॉररचं रेटिंग वेगळ्या डोळ्याने वाचावं लागतं. अमेरिकेत सिनेमास्कोर म्हणून एक कंपनी पहिल्या रात्री थिएटरबाहेर लोकांकडून मार्क घेते, ए प्लस ते एफ. २०१८ च्या 'हेरेडिटरी'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि तिथे त्याला मिळाला डी प्लस. बाहेर पडताना माणूस अजून घाबरलेला असतो, वैतागलेला असतो, जोडीदाराने कशाला आणलं म्हणून भांडत असतो, त्याला विचारलं कसा होता तर तो काय सांगणार. म्हणून मी आकडा बघत नाही, वाईट मतं वाचते. "शेवट बकवास" असं दहा जणांनी लिहिलं असेल तर सुरुवात चांगली असण्याची शक्यता असते. "झोप आली" असं लिहिलं असेल तर मात्र सोडून द्या.

आणि पैसे नव्हते म्हणून वाईट झाला हे कोणी सांगितलं तर त्यांना १९४२ चा 'कॅट पीपल' दाखवा. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नर, हातात पैसे नाहीत, बाई बिबट्या होते ते दाखवणार कसं? दाखवलंच नाही. रात्री एक बाई बागेच्या भिंतीकडेने एकटी चाललीय, तिच्या टाचांची टकटक, मागून दुसऱ्या टाचांची टकटक. मग मागची टकटक थांबते. बाई घाबरून पळत सुटते, आपण पण श्वास धरून, आणि एकदम फिस्सस करून कानठळी आवाज, दचकून बघतो तर काय, बस येऊन थांबलीय. साधी बस! आज प्रत्येक पिक्चरमध्ये मांजर उडी मारतं, कपाट उघडतं, ते सगळं त्या बसचं पिल्लू, त्या युक्तीला नावच 'ल्यूटन बस' पडलंय.

माझी मैत्रीण भीतीच्या सीनला जोरजोरात हसते. सगळी मजा घालवते. काय करू?
— वैतागलेली

ती तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे गं. शेजारी बस आणि हात धर.

याच धाटणीचं पण शेवटापर्यंत टिकणारं काहीतरी सांगा ना.
— रात्रपाळी

'अ‍ॅज अबव्ह, सो बिलो' बघा, २०१४ चा, जॉन एरिक डाउडलचा. यातले टूरिस्ट म्हणजे तसे टूरिस्ट नव्हेत, एक हट्टी संशोधक बाई आणि तिच्या मागे फरफटत गेलेले, पण परक्या शहरात नको तिथे घुसायचं हे तेच. पॅरिसच्या खाली जुन्या दगडखाणींचे बोगदे आहेत, अठराव्या शतकाच्या शेवटी भरून वाहणाऱ्या स्मशानांमधली हाडं काढून तिथे नेऊन रचायला सुरुवात झाली, साठेक लाख माणसांची हाडं असावीत म्हणतात. लोकांना बघायला खुला आहे तो दीडेक किलोमीटरचा तुकडा, बाकी शेकडो किलोमीटर बंद. यांनी बंद भागात परवानगी काढून खरोखर आत जाऊन शूट केलं, कॅमेरे नटांच्या हेल्मेटवर, उजेड पण बराचसा हेल्मेटच्या दिव्यांचाच. हाडांच्या ढिगावरून एकजण सरपटत जाताना मधेच अडकतो तो सीन बघताना माझाच श्वास अडकला होता, आणि तिथे भूतबीत काही नाही, नुसती जागा कमी आहे. कॅमेरा कोणाच्या हातात आहे हा प्रश्न पण पडत नाही.

शेवट? शेवटाबद्दल पत्रं येतीलच. पण यातला पॅपियों नावाचा वाटाड्या बघून ठेवा. सगळ्या बोगद्यांतून बिनधास्त फिरणारा गडी, आणि एका विशिष्ट बोगद्यापाशी आल्यावर म्हणतो यातून नाही जायचं. का विचारलं तर धड उत्तर देत नाही.